खतात पुरलेली कोरी नळी

बाई,

काल पवनारला दादाकडे गेले होते. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले, तर दादा खताचा ढीग उलथत होता आणि फावड्यागणिक वाफ वर येत होती. मी तिथंच उभी राहिले. चहा निवला, वर साय धरली. दादा म्हणाला, "काय पाहून राह्यली व एवढं? खतच तं आहे." त्याला काय सांगणार? माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी त्याच जागी गाडलेली आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता बोटं मोजावी लागतात. तरी प्रयोगाच्या एका काचेच्या नळीबद्दल सांगायचं राहून गेलं आहे. तुमचं संशोधन त्या नळीपायी बुडालं, आणि ती नळी मी ओतून दिली होती. तुम्ही शेवटपर्यंत दोष स्वतःलाच देत होतात.

तो तास मला अजून दिसतो. सत्तरचं दशक संपत आलेलं, वर्ध्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. थंडीचे दिवस, खिडकीच्या दोन काचा फुटलेल्या, तुम्ही शाल घट्ट ओढून फळ्यापुढे उभ्या आहात आणि पुस्तक मिटलेलं आहे. तुम्ही विचारता, "सकाळी उकिरड्यातून वाफ निघते. ती ऊब कोणाची?" कोणी म्हणालं उन्हाची, कोणी म्हणालं शेणाची, मागून कोणीतरी "म्हशीची" म्हणालं आणि वर्ग फिदीफिदी हसला. मी उठले. "बाई, आमच्या घरी खतात सळई खुपसून ठेवतात. बाहेर काढली का मुठीत धरवत नाई." पुन्हा हशा. पोट्टी एवढी कॉलेजात आली आणि उकिरड्याच्या गोष्टी सांगते! तुम्ही मात्र डस्टर खाली ठेवलंत. "धरवत नाही म्हणजे? किती वेळ धरवत नाही?" असा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बाबा पाच म्हणेपर्यंत धरतात, मी दोनातच सोडते." त्याच रविवारी तुम्ही बसने आमच्या दारात हजर.

बाबांना वाटलं, पोरीची तक्रार घेऊन आल्या. माय घाईघाईने पोह्यांच्या मागे लागली. तुम्ही ओट्यावर टेकल्यासुद्धा नाहीत. "भाऊ, मला तुमचं खत पाहायचंय." बाबांचा चेहरा काय झाला होता! "खत? काऊन, काही पडलं काय तुमचं त्याच्यात?" मग समजल्यावर मात्र त्यांनी मोठ्या ऐटीत सळई काढून दिली. तुम्ही ती चार म्हणेपर्यंत धरलीत, तळहात लालबुंद. "बाईले जमलं बरं!" बाबा एकदम खूश. मग तुम्ही लॅबचा थर्मामीटर सुतळीने बांबूला बांधून ढिगात हातभर आत सारलात. चौसष्ट अंश. काढून पुसून पुन्हा सारलात. चौसष्टच. बाबा समजावू लागले, "सळई आरामात धरवली का समजाचं, खत मेलं. मंग उलथाचं, पाणी माराचं, का थे पुन्हा जित्तं होते." मेलं, जित्तं होते, हे त्यांचे शब्द तुम्ही जसेच्या तसे वहीत उतरवून घेतलेत, आणि ते पाहून बाबा इतके लाजले की पोहे खायला घरात आलेच नाहीत.

पुढच्या रविवारी तुम्ही रुमालात गुंडाळून अंडं आणलंत. पवनारात, आमच्या घरी, अंडं! माय किंचाळली, "अवं माय! घरात नाई आणाचं थे!" घरात कशाला, तुम्हाला ते खतातच हवं होतं. फडक्यात बांधून पुरलं, संध्याकाळच्या बसच्या आधी उकरलं आणि तुम्ही पायरीवर बसून सोललंत. पांढरं घट्ट झालेलं. बाबा चार हात लांब उभे राहून पाहत होते. "म्हंजे जिथं अंडं शिजते, थिथं हे तुमचे किडे राह्यते?" तुम्ही म्हणालात, "किड्यांपेक्षा फार फार लहान, भाऊ. आणि ते उष्णता सोसत नाहीत, त्यांना ती लागते. आपल्याला बरी वाटते तेवढ्या उबेत ते गारठून पडतात. अंड्यातलं प्रथिन ज्या गरमीत गोठतं त्या गरमीत त्यांचं प्रथिन नीट काम करतं, त्याची वीणच घट्ट आहे." बाबा ढिगाकडे वळून म्हणाले, "बाप्पा! आन् मी त्याईच्यावर थंडं पाणी मारतो." तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावावा लागला. तुम्हाला तशा हसताना कॉलेजात कोणी पाहिलं नव्हतं.

तुमचं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीवर बसलं होतं. बाबा खतात पऱ्हाटी घालायचे, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या काड्या. लाकडासारख्या टणक, बाकी सगळे त्या चुलीत नाहीतर बांधावर जाळून टाकत. आमच्या ढिगात त्या दोन महिन्यांत काळ्या भुग्यासारख्या होत. तुम्हाला शोधायचं होतं, ते कोण करतं. ज्याला पऱ्हाटी पचते त्याला कागद पचेल, कागद आणि कापूस शेवटी एकाच जातीचे. म्हणून टेस्ट ट्यूबमध्ये क्षारांचं पाणी, त्यात फिल्टर पेपरची एक पट्टी, चिमूटभर खत आणि वरून हवा जाऊ नये म्हणून पॅराफिनच्या तेलाचा थर. पट्टी तुटून खाली बसली, की समजायचं आत कोणीतरी कागद खाणारा आहे. पण साठ अंशांची ऊब आणायची कुठून? लॅबचा उबवणीचा पेटारा चाळिशी ओलांडली की फ्यूज उडवायचा, आणि वीज तर पाहुण्यासारखी. तुम्ही एक दिवस म्हणालात, "आपण मूर्ख आहोत. पेटारा तुझ्या घरी आहे." त्या जीवांचंच घर त्यांना उबवायला वापरायचं! निर्जंतुक करायचं मोठं यंत्रही कॉलेजात बंद पडलेलं, त्यामुळे नळ्या तुमच्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं शिजायच्या. लॅबभर वरणाचा वास यायचा.

रोज सकाळ-संध्याकाळ ढिगाचा थर्मामीटर पाहून वहीत आकडा लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मावशीकडे लग्नाला अल्लीपूरला गेलो, दोन दिवस मुक्काम पडला. आल्यावर मी मागचे-पुढचे आकडे पाहून मधले चार भरून टाकले. तुम्ही वही वाचता वाचता थांबलात. "या दिवशी तू इथं होतीस?" मी मान खाली घातली. तुम्ही ओरडल्या नाहीत, ते फार वाईट झालं. पान फाडून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "न पाहिलेला आकडा लिहायचा नाही. जागा रिकामी सोड. रिकामी जागा खोटं बोलत नाही." मी बसमध्ये रडत रडत घरी गेले. त्यानंतर मी इतकी चोख वही ठेवली, की तुम्ही दुसऱ्या वर्गांनाही ती दाखवू लागलात. "ही मुलगी दिसेल तेच लिहिते," असं म्हणायचात. तिथंच माझं बिघडलं, बाई. मला ते ऐकायची चटक लागली.

मग तो खरा प्रयोग. आठ नळ्या. सहांमध्ये खताची चिमूट, ढिगाच्या वेगवेगळ्या खोलीची. दोन कोऱ्या, ज्यांत खत घालायचंच नाही. कोऱ्या नळ्यांतली पट्टी जशीच्या तशी राहिली, तरच सिद्ध होणार की बाकीच्यांतला कागद खतातल्या जीवांनी खाल्ला. त्या दोन नळ्यांसाठी तुम्ही नागपूरहून नव्याकोऱ्या ट्यूब आणल्यात आणि मला बजावलंत, "कोऱ्या याच नळ्यांत." आदल्या दिवशी सगळं सामान घेऊन मी पवनारच्या स्टँडवर उतरले आणि पिशवी पायरीवर आपटली. एक नवी नळी फुटली. तुम्हाला सांगायचं तर प्रयोग आठवडाभर पुढे गेला असता, आणि तुमच्या तोंडचं माझं कौतुकही. मी काय केलं, आधीच्या प्रयोगातली एक जुनी नळी राखेने घासली, तीनदा धुतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुकर घेऊन आमच्या घरी आलात, तेव्हा इतर नळ्यांसोबत तीही त्यात ठेवली. वीस मिनिटं शिजली म्हणजे त्यात काय राहणार? असं मला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. तुमच्या हाताने तुम्ही दोन्हींत पाणी भरलंत, पट्ट्या सोडल्यात, आमच्या रानातल्या कापसाचे बोळे बसवलेत, आणि आठही नळ्या एका डब्यात उभ्या करून आम्ही तो डबा ढिगात पुरला.

तुम्ही बाराव्या दिवशी, रविवारी, येणार होतात. माझ्याने शनिवारीच राहवलं नाही. बाबा शेतात गेल्यावर मी डबा उकरला. बाई, काय दिसलं होतं ते! खताच्या सहाही नळ्यांत पट्ट्या तुटून खाली बसलेल्या, आणि त्यांच्यावर पिवळा रंग चढलेला, हळदीचं बोट लागावं तसा. मी एकटीच नाचले. मग कोऱ्या पाहिल्या. नवी नळी स्वच्छ, पट्टी ताठ. जुनी नळी पिवळी. पट्टी मधोमध तुटलेली. मला एकच कळलं, मी नळी नीट धुतली नाही, तुमचं न ऐकता जुनी वापरली आणि प्रयोग नासवला. मी ती नळी ढिगात ओतली, ओढ्यावर जाऊन धुतली आणि लॅबच्या जुन्या नळ्यांत मिसळून टाकली. नव्या नळीचे तुकडे माझ्याकडे जपून ठेवलेले होतेच. रविवारी ते तुमच्यापुढे धरले. "काढताना फुटली, बाई." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे गं, एक तरी राहिली." आणि त्या सहा पिवळ्या पट्ट्या उजेडात धरून किती तरी वेळ पाहत राहिलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूने सांगायचंय. त्या कामावर तुम्हाला डॉक्टरेटची नोंदणी मिळते का, हे पाहायला विद्यापीठातून एक मोठे सर आले. त्यांनी कुकर पाहिला आणि गालात हसले. वही उलटली आणि हसू गेलं. "कोरी नळी एकच?" तुम्ही म्हणालात, "दुसरी फुटली. तुकडे मी स्वतः पाहिले. आणि ही मुलगी खोटं बोलत नाही." मी तुमच्या मागे उभी होते. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर! सर म्हणाले, एका कोऱ्या नळीवर काही ठरत नाही, पुन्हा करा, कोऱ्या वाढवा. तुम्ही दोन हिवाळे पुन्हा करत राहिलात. इतक्या नव्या नळ्या परवडत नव्हत्या, म्हणून कोऱ्यांसाठीही जुन्याच धुऊन घ्यायचात. प्रत्येक वेळी कोऱ्यांतल्या काही पिवळ्या व्हायच्या, काही नाही. तुम्ही कापसाचे बोळे बदललेत, पाणी बदललंत, खोली धुऊन घेतलीत, तोंडाला फडकं बांधलंत. नळ्यांवर तुमचा संशय गेलाच नाही, कारण त्या तुमच्या डोळ्यांदेखत कुकरमध्ये शिजत होत्या. शेवटी एक दिवस हात धुता धुता म्हणालात, "माझा हातच स्वच्छ नाही गं. काहींचा नसतोच." नोंदणी राहिली. वर्गात तुम्ही पुस्तक उघडून शिकवायला लागलात. ते पाहताना मला स्वतःची घाण वाटायची, आणि तरी मी गप्प. मुलींनी इतकं हुशार असून इतकं भित्रं असावं का हो?

माझ्या लग्नात तुम्ही प्रेशर कुकर दिलात. कानात म्हणालात, "यात फक्त डाळ शिजव." सासरी मी ते सांगून सगळ्यांना हसवलं. नंतर नागपूरला सलाइनच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात मला तपासणीच्या विभागात नोकरी लागली. तोवर ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. तिथं पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी बोटाएवढ्या कागदाच्या पट्ट्या दाखवल्या. बाटल्या ज्या मोठ्या भांड्यात वाफेवर शिजायच्या, त्यात प्रत्येक वेळी या पट्ट्या ठेवायच्या. पट्टीवर वाळवलेले असायचे उष्णता मागणारे जीवाणू. अडचण आली की ते स्वतःभोवती जाड कवच करून झोपी जातात, त्याला बीजाणू म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "उकळून मरत नाहीत. साध्या कुकरलाही दाद देतीलच असं नाही. हे मेले तर समजायचं, बाटलीतलं बाकी सगळं मेलं." मी पट्टी हातात धरून तशीच उभी. डोळ्यांपुढे ती जुनी नळी. मी ती नीट धुतली होती, बाई! आधीच्या खतातले ते काचेला चिकटून, कवच ओढून, कुकरमधून जिवंत बाहेर आले होते. एकाच कुकरमधल्या दोन नळ्या, नवी स्वच्छ आणि जुनी पिवळी, शेजारी शेजारी. माझ्या हातात दोन कोऱ्या नळ्यांत पुरावा होता आणि मी त्यातला अर्धा उकिरड्यात ओतला.

लगेच पुढच्या सुट्टीला मी तुमच्याकडे आले, पिपरी मेघेला. तुम्ही आजारपणाने वेळेआधी निवृत्त झाल्या होतात. पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतात. हात किती बारीक झाले होते. मी बीजाणूंचं सगळं सांगितलं, पट्ट्यांचं, कुकरचं. तुम्ही शेंगा बाजूला सारल्यात. "म्हणजे माझा हात नव्हता?" मी म्हटलं, "नव्हता बाई, नळ्या होत्या. जुन्या नळ्या." तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, झालं, फिटलं. पण तुमचं डोकं कुठं थांबतंय! तुम्ही डोळे मिटून मागे मागे जाऊ लागलात. "म्हणून ती पहिली कोरी राहिली. नवी होती ना ती. अगं, किती साधी गोष्ट! त्या दिवशी नव्या नळीशेजारी एखादी जुनी कोरी ठेवली असती, तर तेव्हाच कळलं असतं. कुकरला पुरून उरणारे जीव आपल्या ढिगात आहेत, हे आपण तेव्हाच सांगितलं असतं. मला सुचलंच नाही." आणि तुम्ही हसलात, स्वतःच्याच डोक्यावर टपली मारून.

माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. एकच वाक्य: "बाई, ठेवली होती जुनी नळी." तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, ज्या नजरेने वर्गांना माझी वही दाखवायचात त्याच नजरेने. मी म्हणाले, "हो ना, बाई. सुचायला हवं होतं." आणि तुमच्यासोबत शेंगा सोलायला बसले. निघताना तुम्ही "येजो" म्हणालात, आमच्यासारखं, इतक्या वर्षांनी शिकलेलं. चार महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं. मी आले होते, लोक होते, कोणीतरी माझी ओळख करून दिली, बाईंची आवडती विद्यार्थिनी.

आता त्याच जातीच्या जीवांची प्रथिनं कपड्यांच्या साबणात आहेत, रोगांच्या तपासण्यांत आहेत, ऊन पाण्याच्या झऱ्यातल्या एकाच्या प्रथिनावर अख्ख्या प्रयोगशाळा चालतात. काही नवं वाचलं की मला पहिलं वाटतं, बाईंना सांगायला हवं, त्या विचारतील किती अंशांना, किती वेळ. आणि मग पुढचं आठवतं. तुम्हाला सुचलं नव्हतं असं नाही, बाई. ती दुसरी नळी तिथं होती. अकरा दिवस होती. पिवळी झाली होती.

हे सगळं लिहून मी पाकीटही आणलं, मग बसून राहिले, पत्ता काय घालणार. तुम्ही नाही म्हणून हे पत्र जात नाही, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण न पाहिलेलं लिहायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून खरं तेवढं लिहिते. तुम्ही आज पिपरी मेघेला हयात असतात, तरी मी हे पोस्टात टाकलं असतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.